आडरानातली लेणी आणि आपण

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही गिरणीत तीन पाळ्यांत राबणारी माणसं. शाळा लवकर सुटली, वाचन मात्र सुटलं नाही. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत जे वाचलं आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात जे पायाने पाहिलं, तेवढीच आमची शिदोरी. तीच आपल्यापुढे सोडतो आहोत.

आपल्या कासारवाडी स्टेशनात लोणावळ्याकडे जाणारी लोकल थांबते. तिच्यात बसा आणि खिडकीबाहेर बघत राहा. देहूरोड येतं. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पुढे बेगडेवाडी, घोरावडी. इथल्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. लोक त्या डोंगराला घोराडेश्वर म्हणतात. कामशेतला उतरलं की बेडशाची वाट. मळवलीला उतरलं की एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. म्हणजे ज्या रुळांवरून आपण पोटासाठी ये-जा करतो, त्याच रुळांच्या कडेने दोन हजार वर्षांचा बौद्ध इतिहास उभा आहे.

कार्ले-भाज्याला पायऱ्या आहेत, रखवालदार आहे, माहितीची पाटी आहे. पण पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांच्या घड्यांत अशीही लहान लेणी आहेत की जिथे वाट नाही, पाटी नाही, माणूस नाही. दोन खोल्या, एक पाण्याचं टाकं, एखादं अर्धवट कोरून सोडलेलं दार, एवढंच. आमचा लेख आहे तो अशा आडरानातल्या लेण्यांविषयी. हल्ली आपली पोरं सुट्टी मिळाली की गाड्या काढून अशा ठिकाणी जातात. इतिहासाची ओढ आहे ही चांगली गोष्ट. पण कसं जावं आणि तिथे कसं वागावं, हे त्यांना कुणी सांगत नाही. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, ती पुढे सांगू.

डोंगरातलं घर

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. चुनखडीच्या डोंगरात पाणी मुरून मुरून दगड विरघळतो आणि मैल-मैल लांबीच्या नैसर्गिक गुहा तयार होतात. मेघालयात तशा आहेत, आंध्रातली बोरा गुहा तशीच. आपला सह्याद्री मात्र लाव्हारसाच्या थरांचा, काळ्या कातळाचा. तो असा विरघळत नाही. आपल्याकडे कपारी असतात, लहानसहान गुहाही असतात. पण डोंगरात चौकोनी दार, सरळ भिंत आणि आत दगडी ओटा दिसला, तर समजावं की हे माणसाच्या हाताचं काम. अंगावर उजेड तिरपा धरला की छिन्नीच्या रेघा अजून दिसतात. गिरणीतल्या माणसाला त्या रेघा लगेच कळतात. कुणाचा हात सफाईचा, कुणाचा नवशिका, तेसुद्धा कळतं.

हे कोरण्यासाठी पैसा कुणी दिला? राजांनी दिला, सरदारांनी दिला, तसा साध्या माणसांनीही दिला. शेलारवाडीच्या लेण्यात एक शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची बायको सिअगुतणिका हिने, नंद या आपल्या मुलासह, हे लेणं दान दिलं असं त्यात कोरलेलं आहे. त्या लेखातला शब्दही 'लेण' असाच आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास आपल्या तोंडात तोच शब्द टिकला. शेतकऱ्याच्या बाईचं नाव इतिहासात किती ठिकाणी सापडतं? आपल्या शेजारच्या डोंगरात सापडतं.

कार्ल्याच्या चैत्यगृहात सामी नावाच्या सुताराने दर्शनी भागाचं काम केलं, त्याचं नाव तिथे आहे. जुन्नरच्या लेण्यात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दान दिल्याचा लेख आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासाकारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या पैशांची नोंद आहे. कासाकार म्हणजे काशाची भांडी घडवणारे, कासार. आपण कासारवाडीची माणसं. हा लेख वाचला तेव्हा आम्हाला आपल्याच गल्लीतलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

पाण्याच्या टाक्याला हे लेख 'पोढी' म्हणतात. भाज्याला विण्हुदत नावाच्या महारठीने पोढी दान दिल्याचा लेख आहे. ती वाचताना आम्हाला दौलताबाद आठवतं. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांच्या मंडळींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून त्यांना अडवलं गेलं, शिव्या ऐकाव्या लागल्या. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. पाण्यासाठी माणसाला असं वागवणाऱ्या देशात पाणी दान देणाऱ्यांची नावं दगडात सापडतात, याला फार मोठा अर्थ आहे.

रान परत आलं

ही लेणी कोरली तेव्हा ती रानात नव्हती. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून वर येणाऱ्या व्यापारी वाटांच्या कडेला ती होती. भिक्खू वर्षावासात तिथे राहत, वाटसरू टेकत, गावं दान देत. पुढे वाटा बदलल्या, आश्रय आटला, भिक्खुसंघ उरला नाही. मग दारात निवडुंग उगवला, पोढ्या गाळाने भरल्या, ओट्यांवर वटवाघळं आली.

पण लेणी 'हरवली' असं म्हणताना जपून म्हणावं. गावाला ती कायम माहीत होती. गुराखी पावसात तिथे थांबत, साधू-बैरागी राहत, कुठे गावाने आपलं दैवत बसवलं. कार्ल्याला एकवीरा आहे. शेलारवाडीला मूळ स्तूपाच्या जागी आज शिवपिंड आहे आणि महाशिवरात्रीला जत्रा भरते. आपल्याच भागातल्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवरच्या गुहांशी संत तुकाराम महाराजांचं नाव जोडलेलं आहे. एका लेण्यात अनेकांच्या आठवणी आहेत. मूळ लेणी बौद्ध आहेत हे आपण पुराव्यानिशी, अभ्यास करून, ठामपणे सांगायचं. पण तिथे गेल्यावर दिवा लावणाऱ्या म्हातारीशी हुज्जत घालायची नाही. लेण्याची वाट तिलाच माहीत असते.

'शोध' लावणारे

अजिंठ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोहोचला. त्याने काय केलं? दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव आणि तारीख खरवडली. त्या वेळी लेण्यात मातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून त्याने ते कोरलं. म्हणून आज ते नाव डोक्याच्या वर दिसतं. पुढे डॉ. बर्ड नावाच्या गृहस्थाने अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं सोलून न्यायचा प्रयत्न केला. चित्रांचा भुगा झाला. हे दोघे अडाणी नव्हते, शिकलेले होते.

दुसऱ्या बाजूला पंडित भगवानलाल इंद्रजी बघा. जुनागडचा हा माणूस डोंगरोडोंगर फिरला, शिलालेखांचे ठसे घेतले, अक्षर न् अक्षर उतरवलं. त्यांचं आणि बर्जेस यांचं पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांच्या शिलालेखांवरचं पुस्तक १८८१ साली निघालं. भगवानलाल अक्षरं कागदावर घेऊन गेले. दगडावरची अक्षरं दगडावरच राहिली. आपल्या काळात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांचं काम केलं. गाळाने बुजलेली ती लेणी हळूहळू मोकळी केली तेव्हा एकूण २९ भरली. म्हणजे अजूनही सापडण्यासारखं पुष्कळ आहे. ते आपल्याकडून स्मिथसारखं सापडायचं की भगवानलालांसारखं, एवढाच प्रश्न आहे.

आमचा अपराध

आता आमचंच सांगतो. १९९१ साल. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष, अंगात रग. आम्ही तेव्हा गिरणीत बदली कामगार होतो. आमच्या तरुण मंडळाची सात-आठ पोरं नाणे मावळातल्या एका लेण्याला गेलो. लेण्याचं नाव मुद्दाम देत नाही. जाताना ध्वज नेला, मेणबत्त्या नेल्या आणि निळ्या ऑइलपेंटचा डबाही नेला. लेणं आपलं आहे हे जगाला कळलं पाहिजे, ही भावना. दाराच्या बाजूला एक गुळगुळीत केलेली जागा होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'जयभीम' लिहिलं आणि खाली मंडळाचं नाव टाकलं. वंदना घेतली. फार समाधान वाटलं.

तासाभराने आमच्यातला एकजण शेजारच्या ओट्यावर जायला निघाला. मधे पाचोळ्याने भरलेली सपाट जमीन दिसत होती. ती जमीन नव्हती, पोढी होती. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी काठोकाठ, वर पाचोळ्याची साय. पोरगा एका पावलात नाहीसा झाला. वर आला तर काठ शेवाळाने गुळगुळीत, हाताला पकडच मिळेना. आमच्यात कुणाला धड पोहता येत नव्हतं आणि दोरी कुणीच आणली नव्हती. आमच्या ओरडण्याने खालून एक गुराखी धावत आला. त्याने म्हशीचं दावं टाकलं आणि पोराला ओढून काढलं. मग आमच्याकडे बघून म्हणाला, "आत कुठं काय हाय, ते गावात इचारायचं तरी!"

इतकाच तो बोलला. भिंतीवरच्या ओल्या रंगाकडे त्याने पाहिलं आणि म्हशींमागे निघून गेला.

काही वर्षांनी लेण्यांच्या अभ्यासकांचं एक व्याख्यान ऐकलं. दाराजवळची गुळगुळीत केलेली जागा शिलालेखासाठी असू शकते, असं त्यात आलं. आमच्या पोटात गोळा आला. पुढच्या रविवारी तारेचा ब्रश आणि थिनर घेऊन गेलो आणि रंग घासून काढला. रंगाबरोबर दगडाची वरची कातडीही निघाली. अज्ञानाने एक चूक केली होती, ती निस्तरताना दुसरी केली. त्या जागी अक्षरं होती की नव्हती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. एखादी सिअगुतणिका तिथे असेल, तर तिला आम्हीच पुसलं. हे ओझं घेऊन आम्ही लिहितो आहोत, म्हणून नव्या पोरांनी आमचं ऐकावं.

जाताना आणि आत गेल्यावर

गिरणीत पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवतात. मशीन थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. आणि पाळी सुटताना आपला साथीदार बाहेर आला का, ते बघायचं. लेण्याचंही तसंच आहे.

एकट्याने जाऊ नये. निदान चौघं असावीत, म्हणजे एकाला लागलं तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. कुठे चाललो, कधी परतणार, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून ठेवावं. गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्यावा आणि त्याची मजुरी द्यावी. जाड तळाचे बूट, पुरेसं पाणी, मजबूत दोरी, प्रथमोपचाराची पेटी आणि माणशी एक विजेरी असावी. जगभर गुहांत फिरणारे जाणकार तर माणशी तीन उजेड नेतात, कारण आत उजेड गेला की सगळंच गेलं. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये. डोंगराआड रेंज नसते आणि बॅटरीही ऐनवेळी दगा देते.

पावसाळ्यात आडवाटेच्या लेण्यांना जाऊच नये. थायलंडमधली गोष्ट आपण टीव्हीवर पाहिली. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत शिरले आणि मागे पाणी भरलं. जुलैपासून आत जाणं धोक्याचं, अशी पाटी गुहेच्या तोंडाशी होती. पाऊस आठवडाभर आधीच आला. नऊ दिवसांनी मुलं सापडली आणि १० जुलैपर्यंत सगळी बाहेर निघाली. तो प्रशिक्षक पूर्वी विहारात राहिलेला होता. अंधारात त्याने मुलांना ध्यान शिकवून शांत ठेवलं. पण मुलांसाठी आत प्राणवायूच्या टाक्या पोहोचवताना एक माजी नौसैनिक पाणबुड्या मेला. पुढे त्याच्या स्मरणार्थ त्यातल्या बहुतेक मुलांनी काही दिवस चीवर धारण केलं. आपल्या हौसेची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आपली लेणी तेवढी खोल नसतात. पण ओला कातळ, वरून सुटणारे दगड आणि अचानक भरणारा ओढा माणूस न्यायला पुरेसे आहेत.

पोढीच्या काठावर पोरांना खेळू देऊ नये. पाचोळा दिसला तर आधी काठीने टोकून बघावं. पाण्यात उडी मारू नये आणि ते पाणी उकळल्याशिवाय पिऊही नये.

लेण्याच्या कपाळावर आग्या मोहोळ आहे का, हे लांबूनच पाहावं. असेल तर तिथूनच परत फिरावं. धूर, फटाके, आरडाओरडा, उग्र अत्तर यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झाडत बसू नये. तोंड-डोकं कापडाने झाकावं आणि कड्याचं भान ठेवून तिथून लांब जावं.

वटवाघळं असतील तर त्यांच्यावर प्रखर उजेड मारू नये, त्यांना हुसकू नये. ती किडे खाऊन शेतकऱ्याचं भलंच करतात. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतली बुरशी छातीत गेली तर फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून अशा खोलीत धूळ उडवू नये, चांगला मास्क लावावा आणि दम्याच्या माणसाने आत जाऊच नये. कोंदट, बंद खोलीत जीव घाबरला की ताबडतोब बाहेर यावं.

कोनाड्यात किंवा दगडाखाली हात घालू नये. फुरसं, घोणस तिथेच बसतात. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक, यांतलं काहीही करू नये. माणसाला चालू न देता, चावलेला भाग न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सरकारी दवाखाना गाठावा. सर्पदंशावरची लस तिथे मिळते.

भिंतीशी वागताना

आत चूल पेटवू नये. मेणबत्ती आणि अगरबत्ती भिंतीला किंवा स्तूपाला चिकटवू नये. काजळी दगडात बसते. वंदना घ्यायची तर अंगणात घ्यावी, सुंदर होते. रंग, चुना, खडू, तेल, काहीच लावू नये. अक्षरं दिसली तर ती उठावदार दिसावीत म्हणून त्यात पीठ किंवा भुकटी भरू नये. विजेरी बाजूने तिरपी धरली की अक्षरं आपोआप उठतात. तसे फोटो घ्यावेत आणि शेजारी मापासाठी पट्टी ठेवावी. कुणी आधीच रंग फासला असेल तर तो स्वतः काढायला जाऊ नये. ते रसायन जाणणाऱ्या तज्ज्ञांचं काम आहे. आमचा तारेचा ब्रश आठवावा.

नोंद नसलेलं लेणं दिसलं तर गाव, दिशा, खोल्या किती, पोढ्या किती, अक्षरं आहेत का, हे वहीत लिहावं आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवून पोच घ्यावी. गाळ आपण उपसू नये, कारण गाळातसुद्धा इतिहास असतो आणि एकदा उपसला की तो वाचता येत नाही. आधी गाजावाजा करू नये; पाठोपाठ पार्ट्या करणारे पोहोचतात, गुप्तधन शोधणारे पहारी घेऊन पोहोचतात. संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शिक्षेच्या भीतीने हे पाळावं असं आमचं म्हणणं नाही. ते आपलं घर आहे म्हणून पाळावं. आपल्या घराच्या भिंतीवर कुणी नाव खरवडलं तर आपल्याला चालेल का?

सिअगुतणिकेचं नाव आज वाचता येतं, ते तिने दान दिलं म्हणून, आणि तिच्यानंतर तिथे राहिलेल्या, थांबलेल्या, झोपलेल्या शेकडो माणसांनी ते खरवडलं नाही म्हणूनही. त्यांतल्या कितीकांना ते वाचताही येत नसेल. तरी त्यांनी ते जपलं. आपण तर वाचायला शिकलो, ते कुणामुळे शिकलो हेही आपल्याला माहीत आहे. मग आपण किती जपलं पाहिजे?

विहाराच्या वतीने थंडीच्या दिवसांत एका रविवारी मुलामुलींना, आयाबहिणींना घेऊन शेलारवाडीला जावं, अशी आमची विहार समितीला विनंती आहे. सकाळची लोकल धरावी, दुपारपर्यंत परत यावं. दोरी आम्ही आणू. निघताना आणि परतताना माणसं मोजायचं कामही आम्हीच करू.

जयभीम! नमो बुद्धाय!